नोलीनची पेटी, मर्व्हची शेगडी

नोलीन ट्रेझाइजच्या घरी हवा मोजायचं सरकारी यंत्र बसवायला माणूस आला, तेव्हा तिचा नवरा मर्व्ह त्याला म्हणाला की पुढच्या अंगणात गुलाबांपाशी बसवा, तिथं शोभेल. माणूस म्हणाला, शोभेचं राहू द्या, विजेचा प्लग कुठाय? प्लग मागच्या पत्र्याच्या शेडला होता. त्याने शेडच्या भिंतीवर पांढरी पेटी ठोकली, वायर जोडली आणि सहीसाठी कागद पुढे केला. 'या जागेपासून वीस मीटरच्या आत लाकडाची आग पेटत नाही व पेटणार नाही' असं त्यावर छापलेलं होतं. नोलीनने ते दोनदा वाचून ठसठशीत सही केली. मर्व्हने पाण्याच्या टाकीकडे बघायचं टाळलं, कारण टाकीच्या मागून त्याच्या शेडमधल्या शेगडीचं धुराडं वर गेलं होतं आणि ही गोष्ट नोलीन सोडून सगळ्या बिंडूगल गावाला माहीत होती.

नोलीनला माहीत नसावी यात नवल नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दोघांत तह झाला होता की स्वयंपाकघरात मर्व्ह तोंड घालणार नाही आणि शेडमध्ये नोलीन पाऊल टाकणार नाही. सेहेचाळीस वर्षं तो तह दोन्ही बाजूंनी इमानाने पाळला होता. पाच वर्षांपूर्वी छातीचा त्रास सुरू झाल्यावर तिने घरातली लाकडाची शेगडी उखडून टाकली आणि गरम हवेचा एसी आणला. मर्व्हने तिच्यासाठी मान डोलावली, पण एसीने त्याचे कान तेवढे गरम होत आणि पाय दगडासारखे राहत. मग भंगारातून एक ओतीव लोखंडाची पोटफुगी शेगडी शेडमध्ये येऊन बसली. वास यायचा, पण थंडीत बिंडूगलच्या प्रत्येक घरातून धूर निघतो, त्यात एक जास्त आला तर कोण मोजतंय?

मोजत कुणीच नव्हतं, हेच तर नोलीनचं भांडण होतं. बिंडूगल आहे खोलगट दरीत. थंडीत वारा पडला की दरीवर गार हवेचं झाकण बसतं आणि खाली चुलींचा धूर कोंडतो. सरकारचं यंत्र मात्र वर टेकडीवरच्या विमानपट्टीशी, झाकणाच्या बाहेर. तिथले धुराचे आकडे दर तासाला सिडनीला जात, तिथला साहेब दुपारी चारला ते बघून उद्याचा इशारा काढायचा की नाही ते ठरवी. तेरा वर्षांत बिंडूगलसाठी एकही इशारा निघाला नव्हता. गावाच्या वेशीवर नगरपालिकेने पाटीच लावली होती, 'पठारावरची सर्वात शुद्ध हवा'.

गेल्या जुलैत, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, नोलीनच्या छातीत शिट्टी वाजायला लागली ती थांबेना. दम्याच्या पंपाचे चौदा झोत मारूनही थांबेना. रुग्णवाहिकेत तोंडावर मास्क लावून पडलेली असताना तिचा फोन वाजला. सरकारी निरोप होता, 'बिंडूगल. हवा चांगली. बाहेर फिरण्यास उत्तम दिवस.' मर्व्ह शेजारीच बसला होता. तिने तो फोन त्याच्यापुढे धरला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रडण्याचं नव्हतं. बोलता येत नव्हतं तरी ती काय म्हणत होती ते मर्व्हला नीट कळलं, आणि ती बाई पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवायची हे लक्षात घेता ते शब्द बरेच अनपेक्षित होते.

दवाखान्यातून घरी आल्यावर तिने पत्रं लिहायला घेतली. सिडनीच्या खात्याने कळवलं की टेकडीवरच्या यंत्रानुसार हवा उत्तम आहे. तिने कळवलं की मी टेकडीवर राहत नाही. त्यांनी कळवलं की आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. तिने कळवलं की भावनांची नको, हवेची घ्या. एक्केचाळिसाव्या पत्राला खातं टेकीला आलं आणि एका हिवाळ्यापुरती ही पेटी मिळाली. आकडे विश्वासार्ह ठरले तर पेटी कायमची, नाहीतर सप्टेंबरात उचलणार आणि पुन्हा टेकडीचंच राज्य.

मर्व्हने त्याच दिवशी मनाशी शपथ घेतली की या हिवाळ्यात शेगडी पेटवायची नाही. दोन स्वेटर आणि मेंढीच्या कातड्याचे बूट घालून तो शेडमध्ये बसू लागला. अकरा दिवस निभावलं.

बाराव्या दिवशी चार वाजता गावातले सगळे फोन एकदम वाजले. 'बिंडूगल. उद्या हवा अतिवाईट. घराबाहेर व्यायाम टाळावा.' नोलीन अंगणात उभी राहून तो निरोप मोठ्याने वाचत होती, एकदा घराकडे तोंड करून आणि एकदा रस्त्याकडे तोंड करून. नंतर आत येऊन ती खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "मर्व्ह, मी खोटं बोलत नव्हते रे."

"मी कधी म्हटलं तसं?"

"तू नाही. पण आता सरकारही म्हणू शकत नाही."

इतकी शांत ती मर्व्हला वर्षभरात दिसली नव्हती. त्यालाही बरं वाटलं, दुसऱ्या दिवसापर्यंत.

दुसऱ्या दिवशी इशाऱ्यामुळे फुटबॉलचा सराव रद्द झाला. संघाचा प्रशिक्षक होता ब्लू हॅलिगन. लालभडक केसांचा म्हणून तिकडच्या उलट्या विनोदाने त्याला सगळे ब्लू, म्हणजे निळा, म्हणत. खरं नाव त्याच्या आईलाही आठवून सांगावं लागे. सराव रद्द झाल्यावर पाच-सहा दांडग्या पुरुषांनी जायचं कुठे? ते मागच्या वाटेने मर्व्हच्या शेडमध्ये आले आणि थंड शेगडीभोवती हात चोळत बसले.

"हिला काय झालंय?" ब्लूने शेगडीकडे बोट दाखवून विचारलं.

मर्व्हने पेटीची आणि सहीची गोष्ट सांगितली. सगळे गंभीर झाले, कारण त्यांच्यातला एकेक जण नोलीनच्या वर्गात बसलेला होता आणि पन्नाशीला आला तरी तिला मिसच म्हणे. थोड्या वेळाने ब्लू म्हणाला की पेटी भिंतीच्या बाहेर आहे आणि शेगडी आत. एकाच ओंडक्याने काय होतंय? मर्व्हचं सरपण तीन वर्षं छपराखाली वाळवलेलं, ठोकलं तर टणटण वाजणारं. गावात कुणाकडे असलं लाकूड नव्हतं. बाकीचे निलगिरीचं ओलं लाकूड तसंच चुलीत कोंबत आणि धुराला शिव्या देत. तर एकच ओंडका टाकला. चार वाजता फोन वाजले. 'उद्या हवा अतिवाईट.'

मर्व्हच्या मनात हिशेब पक्का झाला की हे आपल्या शेगडीचं पाप आहे. उद्यापासून बंद, असं तो म्हणाला. पण उद्याला हा दुसरा इशारा लागू होता, म्हणून हिरवळीवर गोळे सोडणाऱ्या बोलिंग क्लबच्या बायकांचा खेळ रद्द झाला, आणि ब्लूची बायको शेरिल चार मैत्रिणींना घेऊन, गरम सॉसेज रोलची ताटं घेऊन मागच्या वाटेने हजर झाली. ताट घेऊन आलेल्या माणसाला थंड शेडमध्ये बसवणं बिंडूगलमध्ये कुणाला शोभत नाही. शेगडी पेटली. चार वाजता फोन वाजले.

पुढच्या मंगळवारी दिवसभर वारा सुटला. इशारा नाही, म्हणून सगळे आपापल्या खेळाला गेले, शेडमध्ये कुणी आलं नाही, शेगडी पेटली नाही आणि पेटीचा आकडा तळाला गेला. मर्व्हच्या मते याहून वेगळा पुरावा न्यायालयालाही लागला नसता. वाऱ्याचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.

आता तो कात्रीत सापडला. शेगडी पेटत राहिली तर एक ना एक दिवस पकडला जाणार आणि नोलीनची सही खोटी ठरणार. शेगडी विझवली तर आकडा पडणार, इशारे थांबणार आणि नोलीन पुन्हा साऱ्या गावात थापाडी ठरणार. रोज चार वाजता ती फोन हातात घेऊन अंगणात उभी राही. नगराध्यक्ष गाडीतून जाताना दिसले की निरोप जरा सावकाश वाचे. हे सुख तिच्या हातून काढून घ्यायची मर्व्हची छाती होईना. म्हणून तो ओंडके टाकत राहिला, आणि प्रत्येक ओंडक्यागणिक त्याला वाटे की आपण बायकोवर प्रेम करतोय आणि तिलाच फसवतोय.

जुलै अर्धा सरला तोवर वॉटल गल्लीतल्या एकोणीस घरांतली माणसं दुपारी तीनपासून शेडमध्ये असत. इशाऱ्याच्या दिवशी दुसरीकडे जायला मिळतच नसे. घरून खुर्च्या आल्या, चहाची मोठी किटली आली, चर्चच्या गायकवृंदाने एका कोपऱ्यात दबक्या आवाजात तालीम धरली. नोलीन स्वयंपाकघरातून विचारी, "मर्व्ह, शेडमध्ये गाणं कसलं वाजतंय?" मर्व्ह म्हणे, "रेडिओ." सेहेचाळीस वर्षांचा तह होता, म्हणून ती पुढे विचारत नसे.

तीस दिवसांत एकोणीस इशारे निघाले. सबंध राज्यात इतके कुठेच नव्हते. वेशीवरच्या पाटीखाली कुणीतरी खडूने 'खोकून बघा' असं लिहून गेलं, तेव्हा नगराध्यक्षांनी सिडनीला तक्रार केली की पेटी बिघडलेली आहे, नाहीतर जागा तरी संशयास्पद आहे. तपासणीला डॉक्टर थिओ कालामारिस नावाचे गृहस्थ येणार, गुरुवारी पाचला पोचणार, असं पत्र आलं. मर्व्हने शेडमध्ये सगळ्यांना बजावलं की गुरुवारी चारच्या आत जागा मोकळी करायची, शेगडी थंड हवी, राखसुद्धा नको.

डॉक्टर थिओ तीनलाच आले. रस्ता मोकळा मिळाला म्हणाले. नोलीनने त्यांच्यापुढे जॅम आणि साय लावलेले स्कोन नावाचे मऊ पाव ठेवले आणि एक्केचाळीस पत्रांची फाईलही ठेवली. ते म्हणाले, "मिसेस ट्रेझाइज, आधी पेटी बघू या का?"

"नोलीन म्हण. चल, दाखवते."

मर्व्हला त्यांच्या पुढे पळायलाही सवड मिळाली नाही. नोलीनने मागच्या अंगणात नेऊन अभिमानाने पेटी दाखवली. डॉक्टरांनी पेटी उघडली, बंद केली, वायर तपासली, सगळं ठीक आहे म्हणाले. मग दोन पावलं मागे सरले आणि आधारासाठी टाकीमागून वर गेलेल्या नळकांड्यावर हात टेकवला. हात त्यांनी लगेच काढून घेतला आणि फुंकर मारली. नळकांड्याकडे बघितलं, त्याच्या टोकाकडे बघितलं, आणि शेडचं दार ढकललं.

आत पस्तीस माणसं खुर्च्यांवर बसली होती. मधोमध शेगडी लाल झाली होती. शेरिलच्या हातात ताट होतं. नोलीन दारात आली आणि सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने शेडच्या आत नजर टाकली. त्याबरोबर ब्लू हॅलिगन उठून उभा राहिला, आणि त्याच्या मागोमाग खुर्च्या सरकवत सगळेच उभे राहिले.

"मिस," ब्लू म्हणाला, "आम्ही निघतच होतो."

डॉक्टर हातावर फुंकर घालत म्हणाले की त्यांना वाईट वाटतं, पण नियम स्पष्ट आहे. वीस मीटरच्या आत आग, वर तशी आग नाही म्हणून सही. या हिवाळ्याचे सगळे आकडे रद्द करावे लागतील आणि पेटी ते आजच काढून नेतील.

नोलीनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मर्व्हला रुग्णवाहिकेतला तो चेहरा आठवला आणि तो मधे पडला. "सही तिची आहे, पण शेगडी माझी. तिला काही माहीत नव्हतं. इशारे सगळे माझ्यामुळं निघाले. काय करायचं ते मला करा, तिला खोटं पाडू नका."

नोलीन त्याच्याकडे वळली. "मर्व्ह, तुझं मी नंतर बघते." ते 'नंतर' मर्व्हच्या हाडापर्यंत गेलं. मग ती डॉक्टरांकडे वळली. "तुझं म्हणणं, हा आकडा या शेगडीचा आहे?"

"दुसऱ्या कशाचा असणार?"

"असं तुला वाटतं, का माहितीये? टेकडीवर बसून तेरा वर्षं तुमच्या खात्याला वाटतच होतं. माझ्या शाळेत वाटण्याला मार्क नव्हते. आत्ता ही शेगडी विझवते, या सगळ्यांना घरी पाठवते. तू इथं बस आणि सात वाजेपर्यंत आकडा बघ. खाली आला तर पेटी घेऊन जा, मी नगराध्यक्षांच्या दारात उभी राहून चुकले म्हणेन. नाही आला तर तू तुझ्या नियमाचं काय करायचं ते बघ."

डॉक्टर सकाळीच परत निघणार होते आणि स्कोन अजून सहा उरले होते. ते हो म्हणाले. शेगडीत पाणी ओतलं. पस्तीस माणसं मान खाली घालून आपापल्या घरी गेली. मर्व्हला वाटलं की आता सगळं संपलं, आणि संपवणारे आपण. शेडमध्ये तिघं कोट घालून बसली. डॉक्टरांच्या मांडीवरच्या लॅपटॉपच्या पडद्यावर आकडा दिसत होता. साडेतीनला तो सत्तरवर होता. चारला बासष्ट झाला. सव्वाचारला अठ्ठावन्न. मर्व्ह त्या पडद्याकडे बघेना आणि नोलीन दुसरीकडे बघेना. तिची हनुवटी वर होती, पण हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली होती.

पाच वाजता ऊन गेलं. वॉटल गल्लीत एकोणीस गारठलेल्या घरांत, दिवसभर बंद असलेल्या एकोणीस चुलींत, ओल्या निलगिरीचे ओंडके पडले. पडद्यावर अठ्ठावन्नचे नव्वद झाले. मग एकशे चाळीस. डॉक्टर उठून दाराशी गेले. पुढची गल्ली दिसत नव्हती. सहा वाजता आकडा दोनशे वीसच्या वर गेला आणि ते रुमाल तोंडावर धरून आत आले. नोलीनच्या छातीत शिट्टी वाजायला लागली होती. तिने पंपाचे दोन झोत ओढले आणि फार समाधानाने म्हणाली, "आता बोल."

डॉक्टर बराच वेळ जुने आकडे चाळत होते. मग मर्व्हकडे बघून म्हणाले, "मिस्टर ट्रेझाइज, ही शेगडी पेटलेली असायची तेव्हा हे सगळे इथंच असायचे?"

"हो. दुपारी तीन ते सहा."

"आणि त्यांच्या घरच्या चुली?"

"रिकाम्या घरात चूल कोण पेटवेल?"

"म्हणजे रोज दुपारी आकडा उतरत होता तो तुमच्यामुळं. वाळकं लाकूड, एकच शेगडी. ही मंडळी घरी गेली की तो चढायचा. आम्ही जे इशारे दिले ते रात्रीच्या आकड्यावर दिले." त्यांनी डोळे चोळले. "नियमात असं काही कुणी लिहून ठेवलेलं नाही."

मर्व्हला हे दोनदा समजावून सांगावं लागलं. आपण महिनाभर जे पाप समजून झोप घालवत होतो ते गावातलं सगळ्यात मोठं पुण्य निघालं, हे एका झटक्यात पचणारं नव्हतं. नोलीनला मात्र एकदाच ऐकून कळलं. ती म्हणाली, "मग नियमात लिही. आणि कायमची पेटी हवी, ती या दारात."

डॉक्टरांनी आकडे पुन्हा तपासले, वरिष्ठांना फोन केला आणि वीस मीटरची अट पाळायची म्हणून लांब वायर ओढून पेटी पुढच्या अंगणात, गुलाबांपाशी नेली. टेपने मोजलं तर शेगडीपासून सव्वीस मीटर भरलं. मर्व्हने हीच जागा पहिल्या दिवशी सुचवली होती, पण ते बोलून दाखवायची ही वेळ नव्हती. पेटी कायम झाली. नगराध्यक्षांनी वेशीवरची पाटी 'रंग द्यायला' म्हणून काढून नेली.

पुढच्या सोमवारी चार वाजता फोन वाजले. 'बिंडूगल. उद्या हवा अतिवाईट. घरोघरी चुली पेटवू नयेत. शक्य तिथे शेजाऱ्यांनी एकाच खोलीत ऊब घ्यावी.' हे शेवटचं वाक्य राज्यात दुसऱ्या कुठल्याच गावाच्या इशाऱ्यात नसतं. मंगळवारी तीनच्या सुमाराला वॉटल गल्ली शेडमध्ये जमली आणि मर्व्हने ओंडका टाकला. तेवढ्यात दार उघडलं. एका हातात घरची खुर्ची आणि दुसऱ्या हातात जाड वही घेऊन नोलीन उंबऱ्यावर उभी होती. सगळे उभे राहिले. तिने सेहेचाळीस वर्षांच्या तहावरून पाय टाकला, खुर्ची शेगडीजवळ मांडली आणि वही उघडली.

"जो इथं नाही, त्याच्या घरी चूल पेटलेली असणार. बरोबर? मग हजेरी घेऊ. हॅलिगन."

"हजर, मिस."

"शेरिल हॅलिगन."

"हजर, मिस."

एकोणीस घरं संपली. कुणी गैरहजर नव्हतं. नोलीनने पेनला टोपण लावलं, मग पुन्हा काढलं. "मर्व्ह ट्रेझाइज."

मर्व्हला वाटलं की पाच दिवस लांबलेलं ते 'नंतर' आता आलं. तो म्हणाला, "हजर."

"तू बाहेर. पेटीपाशी उभा राहा आणि दर दहा मिनिटांनी आकडा वाचून दाखव. सहा वाजेपर्यंत."

मर्व्हने निमूट कोट चढवला. बाहेर कडाक्याची थंडी होती, गुलाबांच्या काट्यांवर दव गोठायला लागलं होतं. पेटीच्या छोट्या पडद्यावर आकडा चाळीस होता. दहा मिनिटांनी पस्तीस. वॉटल गल्लीच्या एकाही धुराड्यातून धूर येत नव्हता आणि गल्लीच्या टोकापलीकडे टेकड्या दिसत होत्या, ज्या जुलैत दिसतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. एकतीस झाला तेव्हा तो सांगायला मागे शेडपाशी गेला. आत ब्लू काहीतरी बोलला आणि नोलीन मोठ्याने हसली, खूप वेळ हसत राहिली. मर्व्हने पत्र्याला कान लावला. हसणं थांबून तिने दम घेतला तेव्हा शिट्टी वाजली नाही. त्याने पुन्हा ऐकलं, खात्री करून घेतली, आणि आकडा सांगायचा विसरून तसाच थंडीत उभा राहिला.